जाळीसमोरची थाळी

अहमदाबादेत लाल दरवाजाजवळ गिरणीमालक मंगलदास गिरधरदास यांची १९२४ ची हवेली आहे. आता तिथे हॉटेल चालते. आम्ही पाच मित्र तिच्या गच्चीवर गुजराती थाळी जेवायला बसलो. रस्त्यापलीकडे सीदी सय्यदची मशीद. कढी वाढली जात असता एकाने विचारले, "सय्यद आणि तो सीदी कसा?" इतिहासावर तावातावाने बोलणारे आम्ही गप्प झालो.

सीदी म्हणजे हबशी. हा सरदार यमनमार्गे गुजरातेत आला, सुलतानी फौजेत चढला आणि १५७२-७३ मध्ये त्याने ही मशीद बांधली. त्याच सुमारास अकबराने गुजरात घेतला. इंग्रजी अमलात या मशिदीत चक्क सरकारी कचेरी भरत असे! पुढे अहमदाबादच्या आयआयएमने मशिदीची झाडाची जाळी बोधचिन्हात घेतली. २०२२ मध्ये ते चिन्ह बदलू लागले, तेव्हा प्राध्यापकांनीच हरकत घेतली.

जाळीला वाली मिळाले. सीदींना? आम्ही दख्खनचे लोक मलिक अंबरचे नाव अभिमानाने घेतो, पाहुण्यांना औरंगाबादची नहर दाखवतो. पण आमच्याच मोहल्ल्यात काळ्या पोराला 'हबशी' म्हणून चिडवतात आणि सोयरीक जुळवताना आधी रंग पाहतात. इस्लाममधली बराबरी आम्ही भाषणापुरती ठेवली आहे. सौराष्ट्रातले सीदी आज अनुसूचित जमातीत मोडतात. त्यांच्या घरी आम्हा पाचांपैकी कोणी कधी जेवला नव्हता.

सीदी सय्यद मशिदीजवळच दफन आहे. हात धुऊन फातिहा वाचायला आम्ही रस्ता ओलांडला.