दलालीचा हक्क केव्हा परिपक्व होतो? : १९१० ते १९५० या काळातील काही निवाडे

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात दलालाचे खरे काम पुष्कळदा अल्पावधीत आटोपते. गिऱ्हाइकाचे नाव मालकाच्या कानी घातले, की दलालापाशी असलेली एकमेव मोलाची गोष्ट दुसऱ्याच्या हाती जाते आणि ती परत घेता येत नाही. त्यानंतर दोन्ही पक्षांनी परस्पर सौदा उरकला, किंवा मालकाने विक्रीच रहित केली, तर दलालीवरील हक्क टिकतो काय? या प्रश्नाला न्यायालयांनी दिलेली उत्तरे प्रथमदर्शनी परस्परविरोधी वाटतात. तथापि त्यांच्या मुळाशी एकच सूत्र आहे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २१९ वे कलम सांगते की, विशेष करार नसेल तर नेमून दिलेले काम पूर्ण होईपर्यंत अभिकर्त्याचा मोबदला देय होत नाही. परंतु हे काम म्हणजे गिऱ्हाईक आणून देणे की खरेदीखत होणे, याचा निर्णय करारातील शब्दांवरूनच करावा लागतो.

नोव्हा स्कोशियातील खाणमालमत्तेसंबंधीचे एक अपील १९१० साली प्रिव्ही कौन्सिलपुढे आले. ज्यांच्याशी दलालाने गाठ घालून दिली होती, त्यांनाच मालकांनी त्याच्या अपरोक्ष मालमत्ता विकली, आणि तीही त्याने स्वीकारू नयेत म्हणून सांगितलेल्या अटींवर. तरीसुद्धा विक्रीचे परिणामकारक कारण दलालाचेच कार्य होते, असे ठरून त्याचा हक्क मान्य झाला.

येथे विक्री निदान घडली होती. ती घडलीच नाही तर काय, हा प्रश्न इंग्लंडात चित्रपटगृहांच्या एका सौद्यातून उपस्थित झाला. १,८५,००० पौंडांहून कमी नसलेल्या किमतीस विक्री पूर्ण झाल्यावर १०,००० पौंड देण्याचे दलालास कबूल करण्यात आले होते. त्याने खरेदीस तयार व समर्थ असे गिऱ्हाईक आणले. मालकांनी मात्र त्याच्याशी विक्री पुरी केली नाही. सबळ कारणावाचून मालकाने माघार घेऊ नये, अशी गर्भित अट अपील न्यायालयाने १९३४ च्या एका निवाड्यात मानली होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४१ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या या खटल्यात ती नाकारली. काही दिवसांच्या कामासाठी एवढा मोबदला ठरला असता त्यातील धोकाही दलालाने पत्करलेला असतो, हा विचार त्यामागे होता.

कलकत्त्याच्या अमरतल्ला स्ट्रीटवरील इमारतीचे प्रकरण याच्याशी ताडून पाहावे. १९४३ च्या अधिकारपत्रात गिऱ्हाईक मिळवून दिल्यास मोबदला देण्याचे वचन होते. दलालाने १,१०,००० रुपये देणारे गिऱ्हाईक आणले. मालकाने अधिकारपत्र रद्द करून त्याच गिऱ्हाइकाच्या वतीने पुढे आलेल्या इसमास १,०५,००० रुपयांस इमारत विकली. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये दलालाचा हक्क उचलून धरला.

दोन्ही प्रकरणांत दलालांचे श्रम जवळजवळ सारखे होते. एका ठिकाणी मोबदला विक्रीच्या पूर्ततेशी बांधलेला होता, दुसऱ्या ठिकाणी गिऱ्हाईक मिळण्याशी. मालकाचे मन बदलण्याचे स्वातंत्र्य आणि मध्यस्थाचे श्रममूल्य यांपैकी कोणते टिकावे, हे न्यायालयांनी बहुतांशी करारपत्रावर सोपविले. म्हणून गिऱ्हाइकाचे नाव उच्चारण्यापूर्वी दलाली कोणत्या क्षणी देय होईल हे लेखी ठरविणारा मध्यस्थच सुरक्षित राहिला, असा या निवाड्यांचा इत्यर्थ निघतो.