जीपच्या पुढच्या चाकातला सांधा

जुन्या जीपचं पुढचं चाक उघडायचं, तर आधी मधली टोपी काढायची आणि मग हबवरचे सहा बोल्ट. आत दोन मोठे नट असतात आणि त्यांच्यामध्ये कडा दुमडलेला लॉक वॉशर. ते निघाले की ब्रेक ड्रमसकट हब हातात येतं. बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो ना, त्याच जागेवरचं हे. त्यामागचं स्पिंडल बाजूला केलं की ग्रीसने माखलेला दांडा ओढून काढता येतो. त्याच्या बाहेरच्या टोकाशी एक सांधा दिसतो. युद्धकाळातली जीप असेल, तर तो कुठल्या जातीचा निघेल हे उघडेपर्यंत सांगता येत नाही.

एवढं काय आहे त्या सांध्यात? पुढच्या चाकाला दोन कामं एकाच वेळी करायची असतात, वळायचं आणि जोरही लावायचा. साधा क्रॉसचा सांधा 17व्या शतकातल्या रॉबर्ट हूकलाही ठाऊक होता. पण तो वाकवला की इंजिनाकडचा दांडा एका चालीने फिरत असला, तरी चाकाकडचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. हा हिसका स्टिअरिंगमध्ये जाणवतो.

1920च्या दशकात यावर बरंच डोकं लढवलं गेलं. फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फेनाय यांनी ट्रॅक्टा सांधा काढला. त्यात गोळ्याच नाहीत, एकमेकांत घसरणारे तुकडे आहेत. अमेरिकेत कार्ल वाइसच्या कल्पनेतून बेंडिक्स-वाइस सांधा आला. आल्फ्रेड रझेप्पाने पिंजऱ्यात सहा पोलादी गोळ्या बसवल्या आणि सांधा कितीही वळला तरी त्या बरोबर मधल्या प्रतलात राहतील अशी सोय केली. माझ्या मते यात सर्वांत देखणा हाच.

मग युद्ध आलं. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. एवढ्या गाड्यांना एकाच जातीचे सांधे पुरणार नव्हते, म्हणून तिन्ही वापरले गेले. सोबत स्पायसरचा साधा क्रॉसही होता.

युद्ध संपलं आणि सैन्याच्या जीप शेतकऱ्यांच्या, दुकानदारांच्या हाती आल्या. खरी परीक्षा इथे झाली. चिखलपाणी आत शिरून गोळ्यांचे खोबणे झिजले, की गावातल्या गॅरेजात ते पुन्हा घासून बसवणं अशक्य. अख्खा दांडा बदला! क्रॉस मात्र व्हाइस, हातोडी आणि सर्क्लिपचा चिमटा एवढ्यावर बदलता येतो. त्याचा हिसका तर होताच, पण फोर बाय फोर लावायचं ते चिखलात, हळू चालीत. तिथे चाक थोडं घसरून तो हिसका पचवतं. नागरी जीपमध्ये हळूहळू स्पायसरच स्थिरावला.

हबचीही कथा तशीच. फोर बाय फोर सोडलेलं असलं, तरी पुढची चाकं आतले दांडे, डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट उगाच फिरवत राहायची. 1948 साली सिएटलमध्ये आर्थर वॉर्न यांनी सैन्यातून निघालेल्या जीपसाठी लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. हब मोकळं ठेवलं की पक्क्या रस्त्यावर फक्त चाक फिरतं, सांधा स्वस्थ. तोटा एकच: चिखलात रुतण्याआधी खाली उतरून दोन्ही हब हाताने फिरवायची आठवण हवी. बहुतेकांना ती रुतल्यावर होते.

त्याआधी वर्षभर, 1947मध्ये, महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली होती. पुढे कित्येक वर्षं आपल्याकडच्या खेडोपाडीच्या गॅरेजांत 'क्रॉस गेला' हे निदान ऐकू येत राहिलं.

रझेप्पाचा सांधा हरला मात्र नाही. 1959च्या ब्रिटिश मिनीपासून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांनी त्याला उचललं. तुमच्या घरच्या हॅचबॅकचं स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकातून कटकट आवाज येत असेल, तर बहुधा त्याच्याच खोबणी झिजल्यात. रबरी बूट फाटलाय का, ते आधी वाकून बघा.