नगरचा गांजा आणि मज्जारज्जूतील वेदना
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील गांज्याच्या लागवडीचे प्रमुख केंद्र अहमदनगर जिल्हा होता. या पिकाची सारी किंमत एका कामावर ठरत असे: नरझाडे फुलण्याआधी ओळखून उपटणे, कारण परागण झाले की मादी झाड बी धरू लागते आणि ज्या चिकट राळेसाठी गिऱ्हाईक पैसे मोजते ती राळ कमी पडते. कापलेले तुरे उन्हात पसरून पायांनी तुडवले जात आणि असा चपटा माल परवानेदार दुकानांत जाई.

या राळेच्या वेदनाशामक गुणाकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले ते कलकत्त्याच्या विल्यम ओशॉनेसी यांनी. संधिवात व धनुर्वातावरील त्यांचे प्रयोग १८३९ साली प्रसिद्ध झाले. तथापि हे औषध दवाखान्यात टिकले नाही. अफूतील मॉर्फिन शतकाच्या आरंभीच शुद्ध रूपात हाती आले होते व पुढे ते सुईने टोचता येऊ लागले; गांज्याची राळ मात्र पाण्यात विरघळत नसे आणि प्रत्येक अर्काची ताकद निराळी निघे.

सरकारला रस होता तो मुख्यतः महसुलात. १८९३ साली नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगाने मुंबई इलाख्याप्रमाणेच कोडगूसारख्या लहान प्रांतातूनही साक्षी गोळा केल्या, आणि एकूण ११९३ साक्षीदार तपासून पुढल्या वर्षी असा निष्कर्ष दिला की मर्यादित सेवनाने सहसा अपाय होत नाही. इतका शहाणा अहवाल पुढच्या कायद्यांनी फारसा मनावर घेतला नाही.

राळेतील मुख्य मादक द्रव्य, टीएचसी, १९६४ मध्ये इस्रायलात शुद्ध स्वरूपात वेगळे झाले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याचे रिसेप्टर, म्हणजे रेणू पकडून पेशीला संदेश देणारी प्रथिने, उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूत आढळली. पैकी सीबी-१ हे रिसेप्टर मज्जारज्जूच्या पृष्ठशृंगातही, म्हणजे त्वचा व स्नायूंकडून आलेले वेदनातंतू जिथे पुढच्या पेशींना भेटतात त्या करड्या भागात, आहेत. तेथे टीएचसी बसले की तंतूच्या टोकात कॅल्शियम कमी शिरते, ग्लुटामेटसारखी संदेशवाहक द्रव्ये कमी सुटतात आणि मेंदूकडे जाणारा वेदनेचा संदेश क्षीण होतो. शरीर स्वतःही असेच रेणू बनवते. १९९२ मध्ये सापडलेला ॲनांडमाइड त्यांपैकी एक होय. परंतु हेच रिसेप्टर मेंदूच्या बाह्यकातही विपुल असल्यामुळे पोटात घेतलेले औषध वेदनेबरोबर शुद्धीही ढळवते, आणि माणसांत मिळणारा आराम बहुधा माफकच राहतो.