दहा सेंटांचा पेला : क्लीव्हलँड, ४ जून १९७४

बेसबॉलच्या अधिकृत नोंदीत ४ जून १९७४ च्या क्लीव्हलँड इंडियन्स विरुद्ध टेक्सास रेंजर्स या सामन्याचा निकाल ९-० असा आहे. प्रत्यक्षात खेळ थांबला तेव्हा दोन्ही संघांच्या पाच-पाच धावा झाल्या होत्या. ही तफावत कशी निर्माण झाली, त्याविषयी हा धागा.

प्रेक्षकांच्या गोंधळामुळे सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल होणे आपल्याला अपरिचित नाही. १९९६ च्या विश्वचषकाचा उपान्त्य सामना ईडन गार्डन्सवर असाच श्रीलंकेला देण्यात आला. तेथे कारण पराभवाचा संताप हे होते. क्लीव्हलँडमध्ये मात्र यजमान संघ जिंकण्याच्या बेतात होता.

अमेरिकेत ही घटना बहुधा विनोदी किस्सा म्हणून सांगितली जाते : स्वस्त बिअर, दारूडे प्रेक्षक, मैदानात धावणारी नग्न माणसे. हे सारे घडले हे खरे. पण किस्सा रंगतो तसे त्यातून संघाचे व्यवस्थापन अलगद नाहीसे होते.

म्हणून आधी पैशाची बाजू पाहू. १९५० मध्ये क्लीव्हलँडची लोकसंख्या ९ लाखांहून अधिक होती. १९७० मध्ये ती साडेसात लाखांवर आली. १९६९ मध्ये तेथील कायाहोगा नदीवरील तेलकट तवंगाने पेट घेतला आणि हे शहर देशभर थट्टेचा विषय झाले. सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षकांना सामावणारे त्याचे स्टेडियम १९४८ च्या विजेत्या हंगामात २६ लाख प्रेक्षकांनी पाहिले होते. १९७३ च्या संपूर्ण हंगामात आले केवळ ६ लाख १५ हजार, म्हणजे सामन्यामागे सुमारे साडेसात हजार. रिकाम्या खुर्च्या भरण्यासाठी संघाने जी प्रलोभने योजली, त्यांपैकी एक म्हणजे दहा सेंटांत बिअर. एरवी तिची किंमत ६५ सेंट होती.

पेला १२ औंसांचा, म्हणजे साधारण ३५५ मिलिलिटरचा. बिअर सौम्य, वजनाने ३.२ टक्के मद्यांश असलेली. ओहायो राज्यात ती अठराव्या वर्षापासून पिता येत असे. एका वेळी सहाच पेले मिळतील, असा निर्बंधही होता. मात्र पुन्हा रांगेत उभे राहण्यास कोणतीही मनाई नव्हती. कोणी किती प्यायले, याचा हिशेब ठेवण्याची व्यवस्थाच नव्हती. माझ्या मते त्या रात्रीचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे : मर्यादा खरेदीला होती, माणसाला नव्हती.

तरीही केवळ बिअरकडे बोट दाखवणे अपुरे ठरेल. १९७१ मध्ये क्लीव्हलँडमध्येच पाच सेंटांची बिअर विकली गेली होती, तेव्हा असे काही घडले नाही. या वेळी पार्श्वभूमी वेगळी होती. सहा दिवसांपूर्वी, २९ मे रोजी, टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे याच दोन संघांत मैदानावर हाणामारी झाली. (तेथेही स्वस्त बिअरचाच दिवस होता!) टेक्सासच्या प्रेक्षकांनी क्लीव्हलँडच्या खेळाडूंवर बिअर आणि खाद्यपदार्थ फेकले. पुढील आठवडाभर क्लीव्हलँडच्या रेडिओने आणि वृत्तपत्रांनी ती ठिणगी विझू दिली नाही. म्हणजे चिडलेले प्रेक्षक येणार, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पाडण्यात आला.

आले २५,१३४ लोक. व्यवस्थापनाच्या दृष्टीने योजना फळाला आली होती.

आरंभीचे डाव खरोखर विनोदीच होते. एक स्त्री मैदानात आली, एका नग्न तरुणाने दुसऱ्या बेसपर्यंत धाव घेऊन घसरगुंडी केली, लोक हसले. मग रेंजर्सच्या खेळाडूंच्या दिशेने फटाके येऊ लागले. त्यांचा पहिल्या बेसवरील खेळाडू माइक हारग्रोव्ह याच्यावर हॉट डॉग फेकले गेले, तो थुंकीनेही भिजला. वाइनचा एक रिकामा मोठा बुधला त्याला थोडक्यात चुकला. तो वाइनचा होता हे लक्षात घ्यावे. लोक घरूनही पेय घेऊन आले होते. (हाच हारग्रोव्ह १९९० च्या दशकात क्लीव्हलँडचा प्रशिक्षक झाला.)

नवव्या, म्हणजे अखेरच्या डावात क्लीव्हलँडने ५-५ अशी बरोबरी साधली. विजयी धाव बेसवर उभी होती. तेवढ्यात एक तरुण मैदानात शिरला आणि रेंजर्सचा क्षेत्ररक्षक जेफ बरोज याची टोपी हिसकावू लागला. त्याला सामोरे जाताना बरोज अडखळून पडला. दूर बसलेले रेंजर्सचे प्रशिक्षक बिली मार्टिन यांना वाटले, त्याच्यावर हल्ला झाला आहे. ते खेळाडूंसह, हातांत बॅटी घेऊन, धावले. प्रत्युत्तरादाखल शेकडो प्रेक्षक मैदानात उतरले. काहींच्या हातांत साखळ्या, सुरे आणि मोडलेल्या खुर्च्यांचे तुकडे होते.

यानंतर जे घडले, ते किस्सा सांगणारे घाईत उरकतात. क्लीव्हलँडचे प्रशिक्षक केन ॲस्प्रोमाँटी यांनी आपल्या खेळाडूंनाही बॅटी घेऊन मैदानात जाण्याचा आदेश दिला, तो प्रतिस्पर्ध्यांना वाचवण्यासाठी. आठवड्यापूर्वी ज्यांच्याशी मारामारी केली, त्यांच्याभोवती कडे करून, आपल्याच चाहत्यांशी झुंजत त्यांनी त्यांना बाहेर काढले. क्लीव्हलँडचाच गोलंदाज टॉम हिल्गेनडॉर्फ याच्या डोक्यात खुर्ची बसली.

मुख्य पंच नेस्टर चायलॅक हेही जखमी झाले. दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत गंभीर जखमी झालेला हा माणूस सहजासहजी घाबरणारा नव्हता. त्यांनी सामना रेंजर्सना बहाल केला. अशा वेळी बेसबॉलचा नियम ९-० असा निकाल नोंदवतो. नऊ जणांना अटक झाली. प्रेक्षकांनी बेसदेखील उखडून नेले, ते परत मिळाले नाहीत.

संघाचे कार्यकारी उपाध्यक्ष टेड बोंडा यांनी दोष पंचांच्या माथी मारला : त्यांचे सामन्यावर नियंत्रण राहिले नाही म्हणे. अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांना मात्र बिअरचा वाटा मोठा असल्याविषयी शंका नव्हती.

१८ जुलै रोजी त्याच स्टेडियममध्ये पुन्हा दहा सेंटांच्या बिअरची रात्र भरली. या वेळी सवलतीचे दोनच पेले, आणि तेही माणशी. प्रेक्षक आले ४१,८४८.