बंद पडलेल्या संघांचे शर्ट

दिवाळीनंतर आमच्या गटाकडे पाड्यावरची पोरं आली. फुटबॉलच्या स्पर्धेसाठी बावीस शर्ट शिवून हवे होते. मोबाईलवर फोटो दाखवला, छातीवर ‘महिंद्रा युनायटेड’. म्हणाली, ‘‘ताई, असाच जुना दिसला पाहिजे.’’ नवा शर्ट जुना कशाला? आणि हा संघ आहे तरी कुठे? आम्ही शोध घेतला.

तर तो आता नाही. मुंबईच्या महिंद्रा कंपनीने 1962 साली काढलेला हा संघ. 2005-06 मध्ये डेरिक परेरा प्रशिक्षक असताना त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. महाराष्ट्रातल्या संघाने ती पहिल्यांदाच जिंकली होती. आणि 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला, शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे वळायचं म्हणून.

त्याआधी मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स असे कापडवाल्यांचे संघ होते. आम्ही शिवणाऱ्या, म्हणून आम्हाला याचंच जास्त अप्रूप. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे कितीतरी गिरण्या गेल्या, हे संघही राहिले नाहीत. ते कूपरेजवर ज्यात खेळायचे तो 1891 चा रोव्हर्स कपही आता होत नाही. पुण्याचा भारत एफसी तर आय-लीगमध्ये एकच हंगाम खेळला, 2014-15. शर्टाचा रंग तरी उडाला असेल का!

अमेरिकेत न्यूयॉर्क कॉसमॉस होता. पेलेला घेऊन 1977 मध्ये कोलकात्याला आला, मोहनबागानशी 2-2 बरोबरीत सुटला. त्यांची ती लीग 1984 नंतर बंद झाली, तरी त्या संघाचे शर्ट लोक हौसेने घेतात.

पण आमचा प्रश्न वेगळा. संघ बंद झाला तरी नाव आणि चिन्ह कंपनीचंच. विचारल्याशिवाय छापून विकलं तर उद्या निस्तरणार कोण? आणि मशीनचा हप्ता तर पाच तारखेला. शेवटी पोरांना सांगितलं, कॉलर जुन्या धाटणीची देऊ, नाव पाड्याचं घाला. तोंडं वाकडी करून गेली, दोन दिवसांनी आगाऊ पैसे घेऊन आली.

तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, ‘‘आश्रमशाळेतला आपला कबड्डीचा संघ? तोही बंदच ना?’’ दहावीनंतर एकेकीचं लग्न झालं आणि संघ संपला. शर्ट तर कधी नव्हताच, शाळेच्या ड्रेसवरच खेळायचो. उरलेल्या कापडातून आता आमचे सात निघतायत. मापं घ्यायला बसलो, तर टेप पुरेना आणि हसू आवरेना.