शिकाऊ विमानाचा रंग

माझ्या पुतण्याने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून महिनाभर तासून तासून ‘एच. टी.-२’ या जुन्या लष्करी प्रशिक्षण-विमानाची हातभर लांबीची प्रतिकृती घडविली, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी, सोलापूरकडच्या वैराग येथील आमच्या घराच्या ज्या ओट्यावर बैलांच्या शिंगांसाठी आणलेल्या रंगांच्या पुड्या ठेवलेल्या होत्या, त्याच ओट्यावर बसून त्याने पिवळ्या रंगाचा डबा उघडला. ‘पिवळाच का रे?’ असे मी विचारताच तो म्हणाला, ‘काका, शिकाऊ विमानं पिवळीच असतात.’ उत्तर खोटे नव्हते, परंतु अपुरे होते. कारण विमानाच्या अंगावरील रंगाला शिंगांच्या रंगासारखा दरसालचा नवेपणा नसतो, त्याला कुळ असते, आणि ते कुळ ठाऊक असल्यावाचून जुन्या विमानासाठी रंग निवडता येत नाही.

या कुळाचा मूळपुरुष कापड आहे. विमानविद्येच्या आरंभकाळी पंखाचा सांगाडा लाकडाचा आणि त्यावरील आवरण जवसाच्या धाग्याच्या कापडाचे, म्हणजे लिननचे असे. नुसते ताणलेले कापड दमट हवेत सैल पडते व त्यातून वारा झिरपतो. म्हणून सेल्युलोजपासून केलेले एक चिकट द्रावण त्यावर हातावर हात देऊन चढवीत, आणि ते वाळता वाळता कापड आकसून नगाऱ्याच्या कातड्यासारखे ताठ होई. या द्रावणाचे ‘डोप’ हे नाव डच भाषेतील ‘डूप’, म्हणजे बुडवून खाण्याचे कालवण, या शब्दापासून आलेले. ताण्याला खळ देऊन पांजणी करणाऱ्या सोलापूरच्या विणकराला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. धाग्याला बळ द्यावयाचे तर त्याला आधी काही पाजावे लागते, हे ज्ञान त्याच्या घरात पिढीजात आहे.

परंतु ताठ झालेल्या या कापडाचा खरा वैरी सूर्य होता. उन्हातील अतिनील किरणांनी धागा आतून जीर्ण होतो, आणि जीर्ण झालेला पंख वैमानिकाला पूर्वसूचना देत नाही. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडातील फार्नबरो येथील सरकारी विमान-कारखान्यात पिवळी माती आणि काजळी घालून केलेला ‘पी. सी. १०’ नावाचा मातकट हिरवा लेप सिद्ध झाला. त्या नावातील दोन अक्षरे ‘संरक्षक आवरण’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत. मध्यपूर्वेच्या प्रखर उन्हासाठी ‘पी. सी. १२’ हा गेरूच्या वर्णाचा त्याचा भाऊबंद निघाला. पुढे ॲल्युमिनियमची पूड मिसळलेल्या डोपाने हेच काम अधिक चोख केले, कारण ती पूड किरणांना परतवून लावते. आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील विमानांचा जो रुपेरी रंग छायाचित्रांतून आपल्याला इतका देखणा वाटतो, तो या रक्षणाच्या तजविजीतून जन्मलेला आहे.

पिवळा रंग आला तो निराळ्या गरजेतून. विद्यार्थ्याचे विमान एकाच मैदानाभोवती पुन्हा पुन्हा घिरट्या घालते, वळताना डगमगते, उतरताना चुकते. तेव्हा आसपास उडणाऱ्या इतरांना ते दुरूनच दिसले पाहिजे, आणि दिसताच ‘येथे शिकणारा आहे, वाट द्या’ हे उमगले पाहिजे. फुलावर आलेले करडईचे रान जसे कोसभर अंतरावरून डोळ्यांत भरते, तसा पिवळा रंग मातीच्या व झाडीच्या पार्श्वभूमीवर चटकन उठून दिसतो. अमेरिकी नौदलाने आपल्या शिकाऊ विमानांसाठी तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच पत्करला. ब्रिटिश वायुदलाने १९३०-४०च्या दशकाच्या मध्यास त्याचा स्वीकार केला. आणि १९३९च्या डिसेंबरात करार होऊन कॅनडात जी प्रचंड प्रशिक्षण-योजना उभी राहिली, जिच्यातून १,३१,०००हून अधिक विमानसैनिक शिकून बाहेर पडले, तिने ‘हार्वर्ड’ या पिवळ्या शिकाऊ विमानाचे चित्र जगाच्या मनावर कायमचे उमटविले. युद्धाच्या ऐन धामधुमीत इंग्लंडातील शिकाऊ विमानांनाही पाठीवर हिरव्या-तपकिरी छद्मावरणाचा रंग घ्यावा लागला, परंतु पोटाकडची बाजू पिवळीच राहिली.

तथापि पिवळ्याचे राज्य अखंड टिकले नाही. महायुद्धानंतर ब्रिटिश शिकाऊ विमानांचे अंग पुन्हा रुपेरी झाले आणि पिवळा रंग पंखांवरच्या व धडावरच्या पट्ट्यापुरता उरला. १९५०-६०च्या दशकाच्या अखेरीस चकाकणारा नारिंगी आला, पण तो उन्हात लवकर विटे. त्यामागून लाल-पांढऱ्याची जोडी आली. आणि १९९०नंतरच्या दशकात, परीक्षणांती असे ठरले की उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर सर्वांत ठळक दिसतो तो चकचकीत काळा रंग. हेतू तोच राहिला, दिसण्याचा. त्याची उत्तरे मात्र दर पिढीने नव्याने लिहिली.

या कुळकथेची एक शाखा आमच्या मुलखातून जाते. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटावर आपल्या उद्योगाची पहिली वीट ठेवणारे वालचंद हिराचंद यांनी १९४०च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली, आणि तेथे १९४१ साली जे पहिले विमान जुळवून उडविले गेले ते ‘हार्लो पी. सी.-५’ हे प्रशिक्षण-विमानच होते. त्याच कारखान्यात कोल्हापूरकडच्या हसूर गावचे, गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी ‘एच. टी.-२’चा आराखडा सिद्ध केला, आणि १९५१ साली ते विमान आकाशात गेले. १५५ अश्वशक्तीच्या सिरस मेजर एंजिनाचे, एकपंखी, धातूच्या अंगाचे हे विमान कापडी पंखांच्या ‘टायगर मॉथ’ या जुन्या शिकाऊ विमानाची जागा घेणारे ठरले. ज्या धातूला कापडाप्रमाणे ताठ करण्याची वा उन्हापासून जपण्याची आवश्यकता नव्हती, त्याच्या अंगावर रंगाचे पहिले प्रयोजन संपले आणि दुसरे, ओळख पटविण्याचे, पुढे आले.

म्हणून जुने विमान सजविणारा जाणता कारागीर रंगाचा डबा उघडण्यापूर्वी विमानाचे दप्तर उघडतो. नोंदवहीतून तो पलटण व साल काढतो. मग एखाद्या झाकल्या कोपऱ्यातील लेप बारीक कागदाने हलके घासतो, तेव्हा झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे एकाखाली एक रंग उमटत जातात. छायाचित्राची साक्षही तो तपासूनच घेतो, कारण जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर पिवळा रंग काळपट आणि निळा रंग फिकट उतरत असे. यानंतरही निर्णय राहतोच. एकाच विमानाने तीन रंग पाहिले असतील, तर त्यांपैकी एक घेणे म्हणजे त्याच्या आयुष्यातील एक साल घेणे आणि बाकीची सोडणे होय. रंग निवडणे म्हणजे साल निवडणे.

सर्वांत रोखठोक साक्ष विमानाच्या अंगावरील राष्ट्राच्या वर्तुळाकार चिन्हाची असते. जपानी चिन्हाशी घोटाळा होऊ नये म्हणून महायुद्धात इकडच्या विमानांवरील चिन्हातून तांबडा रंग काढून टाकला गेला. स्वातंत्र्यानंतर काही काळ चिन्ह म्हणून अशोकचक्र आले. आणि १९५०पासून मध्यभागी हिरवा, त्याभोवती पांढरा, बाहेर केशरी असे आजचे चिन्ह रूढ झाले. पुतण्याने कागदावर अशोकचक्र आखून ठेवले होते. मी त्याला एवढेच म्हणालो, ‘बाळ, हे विमान १९५१ साली उडाले.’

तो क्षणभर थांबला. मग त्याने पिवळ्या डब्याचे झाकण पुन्हा घट्ट बसविले, आणि अंगाचा रंग त्या काळचे विश्वासार्ह छायाचित्र हाती येईपर्यंत राहू दिला. दोऱ्याला पेन्सिल बांधून पंखावर त्याने वर्तुळे आखली. मधोमध हिरवा भरला, पांढऱ्यासाठी जागा सोडली, आणि केशरी नेमका मिळेना तेव्हा शिंगांसाठी आणलेल्या पुडीतील चिमूटभर रंग वाटीत कालवून बाहेरचे वलय भरले. उरलेले लाकूड तसेच उघडे होते; परंतु त्या विमानाला आता स्वतःचे साल मिळालेले होते.