माकडताप : काजूच्या हंगामातील जोखीम आणि प्रतिबंध

सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात साधारणतः डिसेंबर ते मे या काळात डोके वर काढणारा माकडताप हा विषाणूजन्य आजार वैद्यकीय परिभाषेत ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ म्हणजेच केएफडी म्हणून ओळखला जातो. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात १९५७ साली तो प्रथम आढळला. माकडे मरत होती आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणत होती. त्यामुळे पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी धास्ती आरंभी निर्माण झाली होती. पुण्यातील विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हा विषाणू निराळा असून तो गोचिडीमार्फत पसरतो, हे दाखवून दिले. अनेक दशके शिमोगा व लगतच्या भागापुरता राहिलेला हा आजार २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यातील पाली गावात काजू बागायतीत काम करणाऱ्यांमध्ये आढळला. पुढच्याच वर्षी सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यातही त्याचे रुग्ण सापडले.

‘माकडताप’ हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. माकड माणसाला हा आजार थेट देत नाही. काळ्या तोंडाची वानरे व लाल तोंडाची माकडे स्वतःच त्याला बळी पडतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची बनते. माणसाला चावते ती बहुधा गोचिडीची पिल्लावस्था. खसखशीच्या दाण्याएवढी, म्हणून सहसा लक्षातही न येणारी. पावसाळा सरल्यावर सुक्या पातेऱ्यात तिची संख्या वाढते आणि नेमक्या त्याच महिन्यांत माणसे बोंडू व बिया गोळा करायला, सरपण तोडायला, गोठ्यासाठी पातेरा आणायला रानात शिरतात. गुरांमुळे माणसाला थेट लागण होत नाही, परंतु रानात चरून आलेल्या गुरांबरोबर गोचिडी घरापर्यंत पोहोचतात. एका माणसाकडून दुसऱ्याला मात्र हा ताप होत नाही; रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला, ज्यांचे वर्षाचे उत्पन्न काजूवर अवलंबून आहे, त्यांच्यापुरता निरर्थक होय. जाण्यापूर्वी हातापायांना व मानेला आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून विजारीची टोके मोज्यांत खोचावीत. विश्रांतीसाठी पातेऱ्यावर थेट बसू वा आडवे होऊ नये. परतल्यावर कपडे घराबाहेर काढून गरम पाण्यात भिजवावेत, साबणाने स्नान करावे आणि काखा, जांघा, कानामागची जागा तपासावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये, रॉकेल किंवा विडीचा चटका देऊ नये.

रानात माकड मरून पडलेले दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला अथवा वनखात्याला तत्काळ कळवावे. त्या परिसरात मॅलॅथिऑनची भुकटी फवारली जाते. ही वर्दी जितकी लवकर, तितके त्या वाटेने जाणाऱ्यांचे संरक्षण अधिक. दुर्दैवाने वास सुटेपर्यंत कोणी बोलत नाही, असे अनेकदा घडते.

पूर्वी दिली जाणारी लस पुरेशी परिणामकारक न ठरल्याने तिचा वापर थांबला आहे. नव्या लसीवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने काम चालू आहे. विषाणूवर खास औषधही नाही.

चावल्यानंतर सुमारे ३ ते ८ दिवसांत अचानक तीव्र ताप, कपाळात ठणका, असह्य अंगदुखी, उलट्या ही लक्षणे दिसतात. काहींना नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. ताप उतरून बरे वाटल्यानंतर काही रुग्णांत एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा उलटतो आणि मेंदूवर परिणाम करतो. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के सांगितले जाते. रक्तस्रावाचा धोका असल्याने ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. हा ताप आरंभी डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिससारखाच भासतो. म्हणून आपण काजूच्या बागेत वा रानात कधी गेलो होतो, हे रुग्णाने डॉक्टरांना आपणहून सांगावे. त्यावरूनच योग्य रक्तचाचणीचा निर्णय लवकर होऊ शकतो.